एक पोतं ओलीच्या अलीकडं

अक्का, तुमी ‘झालं’ म्हणालात. मी माझ्या कानांनी ऐकलं. भिंतीच्या पलीकडं भांडी घासता घासता तुमी ओरडून म्हणालात, “सुनंदे, शेवटचं गोदाम झालं बघ. सकाळी ये, दाखवते.” तुमची तेरवी होऊन गेली, मांडवाचे बांबू गेले, पाहुणे आपापल्या गावाला गेले, पण ह्या एका शब्दावरून माझं तुमच्याशी भांडण चालूच हाय. तुमी न्हाईत म्हणून मी काही ते सोडणार न्हाई.

लोकं काय काय बोलून गेले तुमच्याबद्दल. कोणी म्हणलं, गरीब गाय होती. कोणी म्हणलं, लई सोशिक. नणंदबाई तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, वहिनी कधी कोणाला उलटून बोलली न्हाई. मी तिथंच बसलेली. मनात म्हणलं, ह्या नेमक्या कोणाच्या तेरवीला आल्यात? एक पाऊल चुकलं म्हणून अख्खा डाव मोडून पयल्यापासून मांडणारी बाई सोशिक असते व्हय? हट्टी होतात तुमी. हट्टा गावात दिली म्हणून हट्टी झाली, असं थोरले भाऊजी म्हणायचे, ते काही खोटं न्हाई.

पण लोकांचा तरी काय दोष. एक आजी झालेली न् एक होत आलेली अशा दोघी जावा दुपारची झाकपाक झाल्यावर भिंतीला पाठ लावून काय करतात, हे गावात कोणाला ठाऊक? ह्यांना वाटायचं, आमचं गहू निवडणं चाललंय.

गजूची ती डब्बी. तुमचा गजानन पुण्याला शिकायला होता तेव्हा त्यानं कोणाकडून तरी जुनी घेतलेली. तळहाताएवढी, पुस्तकासारखी उघडायची, वर एक पडदा, खाली एक. पुढं नोकरी लागली, भारी मोबाईल आला, आणि डब्बी तुमच्या कपाटात साड्यांखाली येऊन पडली. आत एकच गेम. गजू म्हणायचा, हा लई जुना गेम हाय काकू, माझ्या जन्माआधीपासून ह्याचे भाग निघून राहिलेत. आपल्या हाती आला तो कितवा भाग, हे त्यालाही सांगता आलं न्हाई, कारण अक्षरं सगळी जपानी. एक माणूस, एक गोदाम, आत पेट्या. माणसानं पेट्या ढकलायच्या. ढकलता येतं, ओढता येत न्हाई. ढकलायचीही एका वेळी एकच. कोपऱ्यात गेली की संपलं, तिच्यामागं जायला जागाच उरत न्हाई. एक गोदाम सुटलं की दुसरं उघडतं, त्याच्याहून अवघड. पयल्याच दिवशी तुमी त्या माणसाला हमाल म्हणालात आणि पेट्यांना पोती. वसमतच्या मोंढ्याच्या बाजारात हळद घालणाऱ्या घरात दुसरं सुचणार तरी काय.

सुरुवात माझ्या ऑपरेशनपासून झाली. पिशवी काढली माझी. डॉक्टर म्हणाला, वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई. मी पलंगावर पडून आढ्याकडं बघायची आणि उगाच रडायची. आपलं घर तेव्हा नुकतंच वाटलं होतं. अंगणात भिंत उभी राहिली होती, तिचं सिमेंटसुद्धा वाळलं नव्हतं, आणि भावाभावांचं बोलणं बंद. तुमी गल्लीतून वळसा घालून आलात. हातात मेथीच्या भाजीचं ताट, ताटाखाली डब्बी. “हात रिकामे ठेवू नको,” म्हणालात. “रिकाम्या हाताच्या माणसाचं डोकं त्याला खातं.” मी म्हणलं, अक्का, हे लेकरांचं खेळणं. तुमी म्हणालात, “लेकरांनी टाकून दिलं तर कोणाचं झालं मग? आपलंच की.”

तेव्हा तुमाला तरी कुठं येत होतं. जमिनीवर ते बारके ठिपके होते बघा. आपण दोघींनी ठरवून टाकलं, ठिपका म्हणजे ओल. गोदामात जिथं ओल येते तिथं हळदीचं पोतं ठेवलं की बुरशी धरते, हे काय कोणी शिकवायला पाहिजे? म्हणून आपण जीव लावून पोती त्या ठिपक्यांपासून लांब ठेवून राहिलो. आठवडा गेला असेल. हमाल गोल गोल फिरायचा, सगळी पोती कोरड्या जागेत नीट लावलेली, आणि गेम काही पुढं जाईना. तुमी म्हणालात, बिघडलेला दिसतो. मग एक दिवस माझा अंगठा घसरला, एक पोतं ठिपक्यावर गेलं. ते लाल झालं, टुण्ण वाजलं, आणि तुमी “भिजलं, भिजलं” म्हणून माझ्या हातावर चापट मारलीत. गजू दिवाळीला आला तेव्हा त्याला कळलं. हसून हसून लोळला पोरगा. “आई, तिथंच तर ठेवायची असतात. सगळी तिथं गेली की गोदाम सुटतं.” तुमी तोंड एवढंसं केलंत आणि म्हणालात, “मग त्या जपान्याला हळद माहीत न्हाई.”

नाव मात्र तेच राहिलं. तीन पोती ओलीवर गेली, एक राहिलं, असं आपण बोलायचो. ह्यांनी एकदा ऐकलं आणि खरंच घाबरून आमच्या कोठीत बॅटरी लावून बघून आले.

मला चालायला यायला लागलं, पण डब्बी काही थांबली न्हाई. एक दिवस तुमच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. भिंतीवरून ताट जायचं, ताट यायचं. तिकडं दोघे भाऊ मारुतीच्या पारावर दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेले असायचे आणि इकडं तुमी भिंतीवरून विचारायच्या, “कितवं निघालं?” खरं सांगते अक्का, ती वर्षं मी तुमच्यामुळं काढली. हे तुमाला कधी बोलले न्हाई. तुमच्याशी बोलायला बसलं की भांडणच व्हायचं, चांगलं बोलायला जागा कुठं होती.

भांडण एकाच गोष्टीचं. खालचं बटन. ते दाबलं की हमाल एक पाऊल मागं येतो, केलेलं मागं घेता येतं. मी दाबायची. काहून न्हाई दाबायचं? चुकलं, मागं घेतलं, पुढं निघाले. तुमाला ते बटन म्हणजे पाप. ते दाबलं की वरच्या पडद्यावर एक बारकी वाकडी खूण उमटायची. ती दिसली की तुमी कपाळाला हात लावायच्या.

“मागं घेऊन जिंकलं ते काय जिंकणं,” तुमी म्हणायच्या.

“त्यानं बटन दिलंय ते दाबायलाच दिलंय ना?”

“देवानं तोंड दिलंय म्हणून काय दिवसभर शिव्या घालायच्या?”

तुमचं एक पाऊल चुकलं की तुमी सरळ डाव मोडून गोदाम पयल्यापासून लावायच्या. मी शेजारी बसून बघायची आणि माझं डोकं फिरायचं. अहो, एक पाऊल. एवढ्याशा पावलासाठी सगळं केलेलं पाण्यात घालायचं, ही कुठली अक्कल? तुमी म्हणायच्या, “हळद शिजवताना कच्ची उतरवली तर परत कढईत घालते का?” मी म्हणायची, घालते की. तुमी म्हणायच्या, “म्हणून तुझ्या हळदीला तो रंग न्हाई.”

एका वर्षीचं आठवतं का? हळद वाळून पोती भरली. भाऊजींनी आणि दोन गड्यांनी घाईघाईनं तुमच्या मागच्या खोलीत थप्पी लावली. लावून झाल्यावर कळलं की ज्वारीची लोखंडी कोठी पार आतल्या भिंतीला राहिली आणि तिच्या दारापुढं छतापर्यंत हळद. दळणाला ज्वारी पाहिजे होती. भाऊजी कंबरेवर हात ठेवून उभे. तुमी दारात उभं राहून एकदा बघितलंत, आणि भिंतीवरून मला हाक मारलीत, “सुनंदे, ये गं, तुझं ते बटन घेऊन ये. ह्यांना मागं घ्यायचंय.” मी एवढी हसले की पोटाचे जुने टाके दुखले. भाऊजींना काही कळेना. त्यांना वाटलं, दोघी जावा मिळून त्यांची टिंगल करून राहिल्या. करतच होतो म्हणा.

शेवटच्या गोदामाशी आपण अडकलो ते अडकलोच. केवढं ते गोदाम, पोतीच पोती, आणि हमालाला वळायला जागा न्हाई. गजू म्हणाला, ह्याच्यापुढं काही न्हाई, हे सुटलं की गेम संपला. तुमी गोरेगावला भाचीच्या लग्नाला गेलात तेव्हा डब्बी माझ्याकडं होती. मी खालचं बटन दाबत, मागं घेत, पुढं जात, कधी न्हाई तेवढी पोती ओलीजवळ नेली होती. तुमी आलात. डब्बी उघडलीत. वाकडी खूण बघितलीत. आणि मला न विचारता डाव मोडून टाकलात. “ही घाण ठेवायची न्हाई,” म्हणालात.

घाण म्हणे. त्यावरून आपलं बोलणं बंद झालं. आणि म्हणून, तुमी जेव्हा भिंतीपलीकडून ओरडलात की झालं बघ, सकाळी ये, तेव्हा मी काय म्हणाले? मी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. मला न्हाई बघायचं.” मला अजूनही वाटतं की मी बराबर होते. माझी मेहनत होती ती. तुमी तेवढं विचारायला पाहिजे होतं.

सकाळी भाऊजींची हाक आली, ती मला. भिंत झाल्यापासून पयल्यांदा त्यांनी भिंतीवरून हाक मारली. तुमाला छातीत कळ आली होती. ह्यांनी चपलासुद्धा न घालता जीप आणायला धाव घेतली. वसमतला पोचायच्या आधीच तुमी गेलात. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुमी माझ्याकडं बघत होतात, आणि मी मूर्खासारखी म्हणत होते, दाखवा ना, दाखवणार होतात ना. दुसरं काही सुचलंच न्हाई. राम म्हणावं, पाणी पाजावं, ते सगळं नणंदबाईंनी नंतर सांगितलं.

मग डब्बी. तुमच्या गादीखाली होती, मीच काढली. उघडली तर पडदा काळा. चार्जर न्हाई. तुमचे कपडे वाटले, औषधं फेकली, आणि खिडकीतल्या सगळ्या वायरी कोणीतरी एका पिशवीत भरून भंगारवाल्याला दिल्या. कोणी दिल्या विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतो. एवढ्या बाया घरात, भाकरी थापायला कोणी पुढं येत नव्हती, वायरी आवरायला बरी सापडली. मी सगळ्यांपुढं बोलले, लई बोलले. त्यांना वाटलं, हिला दुःख सहन होईना. दुःख नव्हतं ते. चार्जर पाहिजे होता मला.

त्यात गजू. तेरवीच्या जेवणावळीनंतर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “काकू, आईची ती डब्बी मी नेतो. परीला देतो. नवीन गेम सुरू करून दिला की खेळत बसंल.”

“नवीन सुरू केला की जुना जातो का रे?”

“जातो की. एकाच माणसाची जागा हाय त्यात.”

पोराचं चुकलं न्हाई. आईची आठवण त्यालाही पाहिजे, आणि परी तर तुमची लाडकी नात. पण आत तुमचं शेवटचं गोदाम होतं, सुटलेलं. ते मी बघितलं नव्हतं. कसं सोडवलंत, बटन न दाबता, ते पोतं कोणत्या अंगानं फिरवलंत, मला काहीच माहीत न्हाई. आणि तुमची नात चॉकलेटच्या हातानं ते पुसून टाकणार. मी गजूला म्हणलं, चार्ज करून देते, तशी नेऊ नको. तो रविवारी निघणार होता.

मी वसमतला गेले. पयला दुकानदार म्हणाला, “मावशी, हे फेका, नवीन मोबाईल घ्या.” दुसऱ्यानं डब्बी उलटीपालटी केली आणि म्हणाला, “ये पिन अब नहीं आता.” तिसऱ्यानं विचारलं, हे हाय तरी काय. मी म्हणलं, गोदाम हाय. तो माझ्याकडं बघतच राहिला. मला उन्हात रडू आलं, आणि रडायचा राग आला, आणि तुमचा तर आलाच. सांगून टाकलं असतं त्या संध्याकाळी तर काय बिघडलं असतं? भिंतीवरून चार शब्द. वरचं पोतं आधी, मग डावीकडचं, एवढंच. पण न्हाई. सकाळी ये म्हणे. सकाळ काय कोणाच्या घरची असते का?

शेवटी बसस्टँडजवळच्या एका जणानं दुसऱ्याच कुठल्या वायरीचं टोक कापलं, आतल्या तारा सोलून डब्बीला डकवल्या, वर चिकटपट्टी लावली. म्हणाला, लागली तर लागली, माझ्या नावानं ओरडायचं न्हाई. घरी आणून लावली. बारका नारंगी दिवा लागला. मी हात जोडले त्या दिव्याला, हसू नका.

आज रविवार. आता भिंतीशी बसले, आपल्या जागेवर. पलीकडं गजू बॅगा भरून राहिला. मी डब्बी उघडली.

गोदाम सुटलेलं नव्हतं, अक्का.

हमाल उभा होता. पोती सगळी ओलीवर, लाल लाल. एक सोडून. ते एक ओलीच्या एक पाऊल अलीकडं. समोर वाट मोकळी, हमाल त्याच्या पाठीशी हात लावून उभा. एकदा ढकललं की झालं. वरच्या पडद्यावर वाकडी खूण न्हाई. म्हणजे तुमच्या पद्धतीनं, पयल्यापासून, एकही पाऊल मागं न घेता तुमी तिथवर आलात.

मला आधी रागच आला. झालं म्हणालात आणि हे काय हाय? खोटं बोललात? तुमी, खोटं? मग मला गिरणी आठवली. त्या संध्याकाळी गल्लीतली पिठाची गिरणी चालू होती, पट्टा फटफट वाजत होता. तुमी ‘झालं’ म्हणालात का ‘झालंच’ म्हणालात? त्या आवाजात एक ‘च’ कोणाला ऐकू येतो? आणि आपल्याकडं झालंच म्हणजे झालेलं नसतंच. भात झालाच म्हणतो तेव्हा तो शिजत असतो. निघालोच म्हणणारा माणूस अजून आंघोळीला बसलेला असतो.

न्हाईतर दुसरं. तुमी दुरडी कधी रिकामी केली न्हाई. किती माणसं जेवू द्या, एक भाकर फडक्यात राहायचीच. मागून कोणी आलं तर, म्हणायच्या. भांडून न जेवता मी घरी गेले की संध्याकाळी भिंतीवरून ती भाकर यायची. वर ठेचा असायचा आणि तोंडानं एक शब्द न्हाई. हे पोतं ती भाकर हाय का? माझी मेहनत मोडलीत म्हणून हे शेवटचं माझ्यासाठी ठेवलंत का? का तसं काही न्हाई, भाऊजींनी जेवायला वाढ म्हणलं आणि तुमी डब्बी मिटलीत, एवढंच? सांगा की. एवढं बोलायच्या जन्मभर, आता सांगा.

न्हाई सांगणार तुमी. ह्याचाच मला संताप येतो. मरणाचा न्हाई, ते सगळ्यांनाच हाय. तुमी भांडण अर्धं ठेवून गेलात, आणि माझी बाजू बराबर होती का तुमची, हे आता कोणी म्हणजे कोणी सांगू शकत न्हाई. अंगठा बटनावर ठेवून मी कितीतरी वेळ बसले. ढकललं की गोदाम सुटणार, गेम संपणार, गजू डब्बी घेऊन जाणार. आणि तुमचं माझं काहीच बाकी राहणार न्हाई.

“काकू,” गजूनं भिंतीवरून डोकं वर काढलं. डोळे अजून सुजलेले लेकराचे. “झालं का चार्जिंग? जीप आली.”

“झालंच,” मी म्हणलं.

तो थांबला. माझ्याकडं बघितलं, डब्बीकडं बघितलं. मी म्हणलं, “गजू, ही मी देणार न्हाई. परीला दुसरी घे. ही घे म्हणलास तर मी जीपपुढं येऊन बसेन.” तो म्हणाला, “आई पण अशीच करायची,” आणि नाक पुसत बॅगा उचलायला गेला.

जीप गेली. अंगणात आता भाऊजी बसलेत, भिंतीच्या ह्या बाजूला, ह्यांच्याशेजारी. तुमी गेल्यापासून दुपारी इकडंच असतात. दोघं एकमेकांशी काही बोलत न्हाईत, पण एकाच बाजेवर बसतात. हे बघायला तुमी पाहिजे होतात.

आणि अक्का, मी खालचं बटन दाबलं. एकदाच. हमाल एक पाऊल मागं सरकला, पोतंही त्याच्यासंगं मागं आलं, आणि वरच्या पडद्यावर ती वाकडी खूण उमटली. लावा कपाळाला हात. आता ओल दोन पावलं लांब हाय. एक तुमचं, एक माझं.

तुमी थोरल्या. आधी तुमचं.